खोलीचा रकाना

त्या दिवशी बर्फ्या चार नंबरच्या खोलीत होता.

कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला सगळे बर्फ्याच म्हणत. उणे अठरा अंशांच्या ज्या खोलीतून बाकीचे वीस मिनिटांत दात वाजवत बाहेर पळत, तिथे तो तास-तासभर खोकी मोजत फिरायचा. अठरा वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती त्याने. थंडी त्याच्या अंगवळणी पडली होती, किंवा त्याच्या अंगाने थंडीकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. त्या खोलीत मोबाइल न्यायची सोय नव्हती. गारठ्यात बॅटरी मान टाकते आणि जाड भिंतीतून आवाजही जात नाही. म्हणून सगळ्यांचे मोबाइल ऑफिसातल्या टेबलावर एका डब्यात पडलेले असत.

बारा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. दारात मिस्त्री उभा होता. मिस्त्री म्हणजे कॉम्प्रेसर सांभाळणारा म्हातारा. चार शब्दांत दोन शिव्या नसतील तर त्याचं बोलणं पूर्ण होत नसे.

"बाहेर ये," मिस्त्री म्हणाला.

"का? कॉम्प्रेसर बसला?"

"बाहेर ये आधी."

एकही शिवी नाही. बर्फ्याने हातातलं खोकं खाली ठेवलं.

शाळेतून फोन आला होता. त्याची बायको चौथ्या तासाला फळ्यापाशी शिकवत होती, शिकवता शिकवता खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बर्फ्याने ऐकून घेतलं. मग तो ऑफिसात गेला, भिंतीवरच्या तापमानाच्या रजिस्टरात लिहिलं, 'बारा वाजता, खोली चार, उणे अठरा', पेन जागेवर ठेवलं आणि मग हातमोजे काढले. मिस्त्री बघत होता. त्याने अडवलं नाही.

डब्यातल्या मोबाइलवर अकरा फोन येऊन गेले होते. आठ शाळेचे. त्याच्या आधीचे तीन तिचे. अकरा वाजून पाच, सहा आणि नऊ मिनिटांनी. ती कामावर असताना कधी फोन करत नसे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने लागोपाठ तीनदा केला होता, आणि तो खोक्यांवरचे नंबर वाचत होता.

* * *

ती सातवीला विज्ञान शिकवायची. शाळेत पोरं तिला बाई म्हणत, म्हणून तोही गमतीत बाई म्हणायला लागला आणि मग तेच नाव पडलं. "बाई, डबा भरला का?" "अहो, हात नाहीत का तुम्हाला?" असा त्यांचा संसार चाललेला होता.

मुलगी त्याच सातवीत, तिच्याच वर्गात. तिला ते दोघं ठिणगी म्हणत. पोरीला राग यायचा तो क्षणात, आणि जायचाही क्षणात. बाईंनी तर वर्गात तिचं उदाहरणच करून टाकलं होतं.

"लोखंड घासताना ठिणग्या उडतात ना? एकेका ठिणगीचं तापमान हजार अंशांच्या वर. पण हातावर पडली तर काय होतं? बारीकसा चटका, आणि खलास. कारण ती एवढुशी आहे, तिच्यात उष्णता चिमूटभर. उलट बादलीभर कोमट पाणी घ्या. तापमान जेमतेम चाळीस, पण त्यात उष्णता किती! अख्खं बाळ न्हाऊन निघेल. तापमान सांगतं किती तापलंय. एकूण साठा किती आहे ते सांगत नाही."

"म्हणजे माझ्यात चिमूटभरच?" ठिणगीने घरी येऊन भांडण काढलं होतं.

"तुझ्यात चिमूटभरच," बाई म्हणाल्या होत्या. "म्हणून तर स्वेटर घालत जा म्हणते. लहान वस्तू लवकर निवते."

त्या धड्यासाठी बाईंनी एक प्रयोग मांडला होता. कोल्ड स्टोरेजमध्ये भिंतीचे पॅनेल बदलले तेव्हा तुकडे उरले होते, दोन पत्र्यांच्या मधे चार बोटं जाड फोम. त्यांचा बर्फ्याकडून एक पेटारा करून घेतला. आत दहा लिटरचा स्टीलचा डबा. झाकणाला भोक पाडून त्यातून काट्याचं थर्मामीटर डब्यातल्या पाण्यात सोडलेलं, तबकडी बाहेर. फटी लांबीच्या लगद्याने बुजवल्या. ज्या दिवशी बाई गेल्या त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात कढत पाणी ओतलं होतं. काटा ऐंशीवर होता. पेटारा बाहेरच्या खोलीत कपाटाशेजारी ठेवला आणि झाकणावर मार्करने लिहिलं: 'वर्गासमोरच उघडायचं.'

पेटाऱ्याच्या अंगावर एक तक्ता चिकटवला होता. तीन रकाने. दिवस, पाणी, खोली. रोज सकाळी सात वाजता ठिणगीने दोन्ही आकडे लिहायचे. दहा दिवसांनी पेटारा शाळेत न्यायचा आणि सगळ्यांसमोर उघडायचा. तक्त्याच्या अगदी तळाशी एक चौकट आखली होती, तिच्यात लिहिलं होतं, 'उघडताना'.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं बसलेली होती. ठिणगी उठली, पेटाऱ्यापाशी गेली आणि लिहिलं. पाणी सत्तर, खोली पंचवीस.

कोणीतरी पुटपुटलं, "पोरीला कळलंय ना नीट?"

बर्फ्याला ते शब्द झोंबले. रजिस्टर लिहिल्याशिवाय तोही निघाला नव्हता.

* * *

पाणी निवत गेलं. बासष्ट. पंचावन्न. पन्नास. पंचेचाळीस. बेचाळीस. सातव्या दिवशी एक्केचाळीस.

आठव्या दिवशी एक्केचाळीस. नवव्या, दहाव्या दिवशीही तेच.

शाळेने विज्ञानाला अजून कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे पेटारा न्यायला कोणी आलं नाही. बाराव्या दिवशी ठिणगी म्हणाली, "बाबा, काटा हलतच नाहीये."

"अडकला असेल."

त्याने कामावरून दुसरं थर्मामीटर आणलं. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितलं, बरोबर शून्य. उकळत्या पाण्यात बघितलं, शंभर. मग झाकणातून पहिलं थर्मामीटर ओढून काढलं आणि आतली ऊब निसटायच्या आत त्याच भोकातून दुसरं घातलं. काटा चढत चढत एक्केचाळीसवर आला आणि थांबला.

पेटारा उचलून खाली बघितलं. वायर नाही, काही नाही. खिडकीतून ऊन येतं म्हणून आतल्या भिंतीला सरकवला. एक्केचाळीस. पत्र्याला हात लावला तर पत्रा गार. म्हणजे गळती नव्हती. पण गळतीच नाही असा पेटारा जगात कोणी केलेला नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याच्या नोकरीचा निम्मा वेळ तेच सांभाळण्यात जाई. भिंत कितीही जाड करा, उष्णता वाट काढते. बाई म्हणायच्या, खोलीतल्या सगळ्या वस्तू शेवटी एकाच तापमानावर येतात, कुणाची सुटका नाही.

हा पेटारा येत नव्हता.

तो त्याच्यासमोर खाली बसून राहिला. आणि बाई गेल्यानंतर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ठिणगीने ते बघितलं.

त्यानंतर त्याचं वागणंच बदललं. कामावरून आला की चपला काढून थेट पेटाऱ्यापाशी. जेवणाचं ताटही तिथेच. दिवसभरात काय झालं ते सांगायचा. मिस्त्री आज जिन्यावरून कसा घसरला, मटाराची गाडी कशी उशिरा आली. सांगताना डोळे काट्यावर. कधी पत्र्याला कान लावायचा. आतून बारीक घरघर ऐकू यायची, लांबवर कुठेतरी यंत्र चालू असावं तशी. अठरा वर्षं कॉम्प्रेसरजवळ काढलेल्या माणसाच्या कानात घरघर असतेच, असं त्याने स्वतःला समजावलं.

तक्त्यावर तो रोज बघायचा. पाण्याचा रकाना: एक्केचाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस. कागद संपला तेव्हा ठिणगीने खाली दुसरा चिकटवला, तळाची चौकट तेवढी मोकळी सोडून. त्याच्या शेजारचा रकाना त्याने कधी वाचला नाही. खोलीचं काय वाचायचं? खोलीत तर तो बसलेलाच होता.

* * *

बाईंची धाकटी बहीण दर रविवारी यायची. एका रविवारी ती दारातच थांबली.

"भाऊजी, एसी कधी बसवलात?"

"एसी? आमच्याकडे?"

"मग घर आहे का फ्रीज? बाहेर लोक घामाघूम झालेत नि इथे माझ्या अंगावर काटा आला."

"मला तर काही वाटत नाही."

"तुम्हाला कशाला वाटेल! तुम्हाला बर्फात पुरलं तरी तुम्ही पंखा मागाल."

ठिणगी खुदकन हसली. तिच्या अंगात दोन स्वेटर होते, पायात मोजे, आणि हसता हसता तिला खोकला आला. मावशीने तिच्या डोक्याला लावायला तेलाची बाटली घेतली, उलटी केली, हलवली. आत पांढरा गोळा घट्ट बसलेला.

"हे बघा. खोबरेल गोठलंय. या दिवसांत!"

"जुनं असेल," बर्फ्या म्हणाला.

"तेल जुनं झालं म्हणून गोठत नाही, भाऊजी. माझ्या ताईने काय शिकवलं हो तुम्हाला एवढी वर्षं?"

मावशीने बाटली कढत पाण्यात ठेवली, पोरीच्या केसांना तेल लावलं. जाताना म्हणाली, "चार दिवस हिला माझ्याकडे पाठवा."

"मी नाही येणार," ठिणगी म्हणाली. "मला सात वाजता आकडे लिहायचे असतात."

मावशीने बर्फ्याकडे बघितलं. तो काट्याकडे बघत होता.

ती गेल्यावर त्याने खिडकी पुसली. काच धुरकट झाली होती. आतून पुसली तरी जाईना, म्हणून बाहेर जाऊन पुसली, तेव्हा गेली. चार नंबरच्या खोलीच्या दाराला आत बघण्यापुरती एक काच होती. तिच्यावरही असंच बाहेरच्या बाजूने पाणी धरायचं, कारण आतला गारठा काचेतून बाहेर जाणवतो. ती काच त्याने अठरा वर्षं रोज पुसली होती. घरची काच पुसताना त्याला यातलं काही आठवलं नाही. फडकं वाळत घालून तो पेटाऱ्यापाशी जाऊन बसला.

* * *

मंगळवारी दुपारी मिस्त्रीने त्याला गच्चीवर बोलावलं. कंडेन्सरच्या जाळीत कचरा अडकला होता. मोठाले पंखे जाळीतून गरम वारा ओकत होते. दोघं जाळी साफ करत होते आणि मिस्त्री नेहमीप्रमाणे यंत्राला, साहेबाला आणि बर्फ्याला आळीपाळीने शिव्या देत होता.

"मिस्त्री, एक विचारू? एखादी वस्तू निवतच नाही, असं कधी बघितलंय?"

"माझी बायको."

"तसं नाही. खरंच विचारतोय." मग त्याने पेटाऱ्याचं सगळं सांगितलं. इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना त्याचा आवाज हलका झाला, एखादी चांगली बातमी सांगावी तसा.

मिस्त्रीचा ब्रश थांबला.

"किती दिवस?"

"महिना होत आला."

"महिनाभर एक्केचाळीस. आणि तू आनंदात."

"आता ते तिचं..."

"गप्प बस. इकडे हात लाव." मिस्त्रीने त्याचा हात जाळीसमोर धरला. गरम वारा मनगटाला चटचट लागला. "ही ऊब कुठली?"

"कुठली म्हणजे? खालची. खोल्यांतली."

"खालच्या खोल्यांतली. चार नंबरमधून काढून आपण ती इथे फेकतो. थंडी म्हणून काही वस्तू नसते रे गाढवा, आपण आतली उष्णता उपसतो आणि बाहेर टाकतो. आपण होऊन ती गाराकडून गरमाकडे जाते का कधी? नाही. तिला न्यावी लागते. त्यासाठी यंत्र राबावं लागतं, म्हणून तर मला पगार आहे. आता सांग. पेटारा गळतोय. गळणारच, तूच केलायस तो. तरी एक्केचाळीस. म्हणजे रोज जेवढी जाते तेवढी कुठून तरी आत येतेय."

बर्फ्याने हात जाळीसमोरून मागे घेतला.

"वस्तू गरम का राहिली हे काय विचारतोस? तिच्यापायी काय गार पडतंय ते बघ." मिस्त्री मग खाली वाकून ब्रश झटकत, दुसरीकडे बघत म्हणाला, "आणि राबतंय कोण, तेही बघ."

पंखे गरगरत होते. बर्फ्याच्या डोळ्यासमोर आधी गोठलेलं खोबरेल आलं. मग काचेवरचं पाणी. मग दोन स्वेटर.

त्याने ब्रश तिथेच टाकला आणि जिन्याकडे धावला.

* * *

मंगळवारी शाळा दुपारी सुटायची. दार ढकललं तेव्हा लागला तो चार नंबरचा वास. गारठ्याला एक वास असतो, कोरडा, पत्र्यासारखा. तो वास त्याच्या घरात होता आणि रोज तो त्यातून चालत गेला होता.

ठिणगी पेटाऱ्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मान कलली होती. ओठ निळसर. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले.

"ठिणगे! अगं ए!"

"झोप येतेय बाबा," ती म्हणाली. शब्द जड येत होते. अंग थरथरत नव्हतं. चार नंबरमध्ये नव्या हमालांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, थरथर थांबली की घाबरायचं.

त्याने तिला उचलून बाहेर पायरीवर उन्हात नेलं, आपला कोट तिच्याभोवती गुंडाळला, मांडीवर घेतलं. घरातलं तापाचं थर्मामीटर काखेत धरलं. चौतीस पूर्णांक आठ. शेजारच्या घरात हाक मारून डॉक्टरला बोलवायला सांगितलं. पायरी इतकी तापलेली होती की त्याचे तळवे भाजत होते. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं. चौतीस पूर्णांक पाच.

भर उन्हात, त्याच्या मिठीत, पोरगी निवत होती.

तो तिला तसाच घेऊन आत गेला. तक्ता समोर होता. आज पहिल्यांदा त्याने शेजारचा रकाना, तीन-चार ओळी ओलांडत, वरून खाली वाचला. पंचवीस. पंचवीस. चोवीस. बावीस. वीस. अठरा. पंधरा. बारा. आज सकाळचा आकडा नऊ होता. अक्षर दर दिवशी थोडं वाकडं होत गेलेलं, शेवटचा नऊ तर कसाबसा ओढलेला. पाणी जागचं हललं नव्हतं आणि शेजारी, त्याच ओळीत, त्याचं घर पायरी पायरीने खाली उतरत गेलं होतं. पोरीने रोज लिहून ठेवलं होतं. त्याने वाचलं नव्हतं.

"तुला कळलं होतं?"

"हं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू हसायला लागला होतास," ठिणगी म्हणाली.

त्याने तिला पेटाऱ्याशेजारी चटईवर ठेवलं आणि खिशातून पाना काढला. फटीतल्या लांबीत त्याचं टोक घातलं. तशी तिने त्याचं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता.

"नको बाबा. उघडलंस तर आई निवेल."

पान्याचं टोक तिथेच राहिलं. खोटं बोलायचं नाही, एवढं तो शिकला होता. ती आई नाही, नुसतं पाणी आहे, असं त्याला म्हणता आलं असतं. पण महिनाभर तो त्या पाण्याला दिवसभराच्या गोष्टी सांगत बसला होता. आणि ते कशावर तगून होतं ते त्याला आता कळलं होतं. रोज कामावरून येऊन, ताट घेऊन, डोळे काट्यावर लावून, पोरीच्या अंगातली ऊब तो इकडे आणून ओतत होता. राबणारा तोच होता.

"निवेल," तो म्हणाला. "निवू दे."

"पण त्यावर लिहिलंय. वर्गासमोर."

"तू वर्गातलीच ना?"

तिने जरा विचार केला. "मग हजेरी घे," ती म्हणाली. "बाई हजेरी घेतल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत."

त्याने तिचं नाव घेतलं. ठिणगी नाही, शाळेच्या पटावरचं, पूर्ण. ते नाव त्याने मोठ्याने घेतल्याला बरीच वर्षं झाली असतील.

"हजर," ती म्हणाली.

त्याने लांबी खरवडली आणि झाकण दोन्ही हातांनी उपटून बाजूला टाकलं.

वाफेचा पांढरा लोट उठला. नऊ अंशांच्या खोलीत कोमट पाण्याचीही वाफ दिसते, त्यात आश्चर्य काही नव्हतं. पण ती वर जाऊन विरली नाही. क्षणभर ती पेटाऱ्यावर उभी राहिली, साधारण माणसाच्या उंचीची, आणि मग सगळ्या खोलीत पसरली. बर्फ्याच्या चेहऱ्याला तिचा ओलावा लागला. त्याच वेळी घरघर थांबली. यंत्र चालू असतं तेव्हा आवाज आहे हे माणूस विसरतो, बंद पडलं की कळतं. बर्फ्याला तेव्हा कळलं की महिनाभर हे घर एका क्षणासाठीही शांत नव्हतं.

त्याने पोरीचे मोजे ओढून काढले, तिला उचललं आणि तिचे पाय डब्यात सोडले. भांड्याने पाणी घेऊन तिच्या हातांवर, पाठीवर, मानेवर ओतत राहिला. फरशीवर तळं झालं. ओतता ओतता तो काहीतरी बडबडत होता, मटाराची गाडी, मिस्त्रीचा ब्रश, सुचेल ते.

"बाबा," बऱ्याच वेळाने ठिणगी म्हणाली. "आई अंघोळीला घालायची ना, तसंच आहे. कोपर बुडवून बघायची ती, तेवढंच."

आणि मग ती थरथरायला लागली. दात एकमेकांवर वाजायला लागले. इतका चांगला आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

डॉक्टर आला तेव्हा थर्मामीटर छत्तीस दाखवत होतं. त्याने दोघांकडे बघितलं, ओल्या फरशीकडे बघितलं, आणि उन्हाळ्यात पोरीला एवढे कपडे कशाला घालता म्हणून बर्फ्याला चार शब्द सुनावले. खिडकीची काच तोपर्यंत कोरडी झाली होती.

डब्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. बर्फ्याने त्यात बोट बुडवलं. मग आपल्या हाताचा भरवसा नाही हे आठवून कोपर बुडवलं. पाणी खोलीइतकंच होतं.

* * *

पुढच्या सोमवारी तो रजा टाकून शाळेत गेला. रिकामा पेटारा, तक्ता आणि ठिणगी. सातवीला आता नवे सर होते. त्यांनी तक्ता भिंतीवर लावला आणि पोरं त्याच्यासमोर गोळा झाली. पाण्याचा रकाना आणि खोलीचा रकाना बघून त्यांनी खूप प्रश्न विचारले. काहींची उत्तरं ठिणगीने दिली. काहींची सरांनाही देता आली नाहीत, आणि सर तसं स्पष्ट म्हणाले. बर्फ्याला तो माणूस आवडला.

मधल्या सुट्टीत त्याने वर्गातल्या पोरांना एक-दोनदा विचारून बघितलं, त्या दिवशी बाई फोन करत होत्या तेव्हा कोणी ऐकलं का. एक मुलगी म्हणाली, बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, फोन कानाला होता, आणि हसत होत्या. एवढंच.

घर आता पंचवीस अंशांवर आहे. कपाट, टेबल, पलंगाची तिची बाजू, सगळं पंचवीसवर. ठिणगी अजून रोज सकाळी सात वाजता बघते आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवते. तो ऐकतो.

फक्त झाकण उपटलं तेव्हा काट्याकडे कोणी बघितलं नव्हतं. आठवण झाली तोपर्यंत थर्मामीटर फरशीवर पडून खोलीचं तापमान दाखवत होतं. तक्ता सातवीच्या भिंतीवर आहे. 'उघडताना'ची चौकट अजून कोरी आहे.